दुसऱ्याच्या तोंडची हजेरी

वकीलसाहेबांना समतोलावर भाषण करायचं होतं, आणि त्या समतोलाचं ओझं नेहमीप्रमाणे उशिराबाईच्या डोक्यावर आलं होतं.

उशिराबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते कॉलेजात पडलेलं. दिवसभर ती साहेबांच्या ऑफिसात टायपिंग करी, पक्षकारांना थोपवून धरी, तारखा सांभाळी, आणि संध्याकाळी वकिलीच्या वर्गाला जाई. निदान जायचं असे. पण साहेबांना दिवसभरात जे सुचत नसे ते सगळं नेमकं पाचच्या सुमाराला सुचे. मग "एवढं एकच पान" म्हणता म्हणता त्या पानाला पालवी फुटे, आणि ती धापा टाकत वर्गात शिरेपर्यंत फळा पुसायची वेळ झालेली असे.

तरी हजेरीत ती हजर असे. ती कृपा नर्सची. नर्स तिची वर्गमैत्रीण; दवाखान्यात नोकरी करून शिकणारी, म्हणून सगळे तिला नर्सच म्हणत. उशिराबाईचा नंबर पुकारला की नर्स कुणीतरी घशात चमचा घालून तपासत असल्यासारखा बारीक आवाज काढून "हजर" म्हणे. प्राध्यापक हजेरी घेताना मान वर करत नसत. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते म्हणतात. ह्यांच्या डोळ्यांना पट्टीची गरजच नव्हती, आळस पुरेसा होता.

पण नर्सची दवाखान्यातली पाळी बदलली की ती कृपाही बदले. अशा बदलत्या पाळ्यांत उशिराबाईचे बरेच खाडे पडले होते. आणखी एक पडला की ह्या वर्षी परीक्षेला बसता येणार नाही, असं कॉलेजच्या कचेरीतून तिला बजावून सांगितलं होतं.

तिला खाड्यापेक्षा दाण्यांचं वाईट वाटे. पूर्वी वर्गाआधी दोघी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून भाजलेले शेंगदाणे खात. नर्स सोली, ही फुंकर घालून सालं उडवी, आणि एखादा दाणा खवट निघाला की दोघी मिळून सरकारला नावं ठेवत. हल्ली नर्स तिच्या वाटचे दाणे पुडीत ठेवी आणि ते बाकाखालून चोरून खावे लागत. चोरून खाल्लेलं गोड लागतं म्हणणाऱ्यानं एकदा भर वर्गात भाजका दाणा आवाज न करता चावून दाखवावा.

घरी आईचं वेगळंच. आई रोज लेकीसाठी देवाला हात जोडी आणि ते हात सोडता सोडता लेकीला सुनावी, "वकील होशील तेव्हा होशील. आधी गरम जेवण गरम असताना खायला शीक."

तर समतोल. कॉलेजनं साहेबांना त्या दिवशी संध्याकाळी तिच्याच वर्गापुढे 'काम, शिक्षण आणि आयुष्याचा समतोल' ह्या विषयावर बोलायला बोलावलं होतं. साहेब खुर्चीत रेलून सांगत होते आणि उशिराबाई टाइप करत होती.

"लिही. माझ्या ऑफिसात पाच वाजले की दिवे मालवतात."

तिची बोटं थांबली. "साहेब, हे वाक्य ठेवायचं?"

"का? व्याकरण चुकलं?"

"व्याकरण बरोबर आहे."

"मग ठेव."

तिनं ठेवलं. पाचला साहेब कोट चढवून उठले आणि उद्याच्या तारखेचे कागद तिच्यापुढे सरकवले. "एवढे लावून ठेव आणि जा."

"साहेब, आज हजेरी आहे हो. आणि भाषण तुमचंच."

"तुला काय ऐकायचंय त्यात? तुला तर पाठ आहे."

साहेब गेले. तिनं नर्सला निरोप धाडला, 'अडकले. माझा नंबर सांभाळ.' उलट निरोप आला, 'सांभाळते. दाणे मात्र मीच खाणार.' कागद निम्मेही लावून झाले नव्हते तोच साहेबांचा फोन.

"चष्मा टेबलावर राहिलाय."

"घेऊन येऊ?"

"नाही, त्याला पाय फुटायची वाट बघू. ये लवकर."

ती अक्षरशः धावली. ज्या वर्गाला वेळेवर जायला तिला कधी परवानगी मिळाली नाही, त्या वर्गात साहेबांचा चष्मा मात्र ताबडतोब पोचायला हवा होता.

वर्गाच्या दारात ती पोचली तेव्हा साहेब बोलायला लागले होते. चष्म्याशिवाय त्यांना अक्षरं दिसत नसत, माणसं मात्र स्वच्छ दिसत. टाइप केलेली पानं हातात होती. पण वाचता येत नसल्यामुळे ते मनचं बोलत होते, आणि मनचं बोलायला लागलं की साहेबांना स्वतःखेरीज दुसरा विषय सुचत नसे.

"लांब कशाला जाता? माझी सहायक ह्याच वर्गात शिकते. पाचच्या ठोक्याला मी तिला सांगतो, ऊठ पोरी, पक्षकार थांबतील, शिक्षण थांबत नाही. आत्ताही इथंच कुठंतरी बसली असेल."

पोरं टाळ्या वाजवायला लागली. पाहुण्यांना खूश करायची ही संधी प्राध्यापक कशी सोडतील? त्यांनी साहेबांना तिचं नाव विचारलं, हजेरीपटावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "आहे, आहे. हजर आहे. उभी राहा बघू, सगळ्यांना दिसू दे."

कुणी हललं नाही. प्राध्यापकांनी आयुष्यात पहिल्यांदाच मान वर करून वर्गाकडे पाहिलं. "अगं, लाजतेस काय? आत्ता तर 'हजर' म्हणालीस."

उशिराबाईची परीक्षा तर आता गेलीच, वर नर्सचीही जाणार. चूक हिची, साहेबांची, आणि भोगणार ती दाणे सोलणारी.

मागच्या बाकावरून नर्स उठली. ओठावरचं दाण्याचं साल पुसत, त्याच बारीक आवाजात म्हणाली, "मी, सर."

साहेबांनी नर्सकडे पाहिलं. मग दारातल्या उशिराबाईकडे, तिच्या हातातल्या चष्म्याकडे. कोर्टात साक्षीदार फितूर झाला तरी ज्यांची भुवई हलत नसे त्या साहेबांच्या दोन्ही भुवया कपाळात गेल्या. ही ती नव्हे म्हणावं, तर ती कुठे आहे हे सांगावं लागणार. ती कुठे होती हे साहेबांइतकं कुणाला ठाऊक होतं?

"हीच का?" प्राध्यापकांनी विचारलं.

"हीच," साहेब म्हणाले. "गुणी आहे. बस, बस."

प्राध्यापकांचं लक्ष दाराकडे गेलं. "तुम्ही कोण?"

"साहेबांच्या ऑफिसातून आलेय," उशिराबाई म्हणाली. ह्यात तरी काही खोटं नव्हतं. "चष्मा द्यायला."

"द्या आणि निघा. वर्ग चालू आहे."

स्वतःच्याच वर्गातून बाहेर जायला सांगितलेली ती त्या कॉलेजातली पहिलीच असावी. पण साहेबांना आता औदार्याचा उमाळा आला. "बसू द्या हो मागे. आमच्या कर्मचाऱ्यांच्याही कानावर दोन चांगले शब्द पडू देत."

ती नर्सशेजारी जाऊन बसली.

"सरक जरा," नर्स ओठ न हलवता म्हणाली. "कर्मचाऱ्यांनी साहेबांच्या सहायिकेला खेटून बसू नये."

साहेबांनी चष्मा चढवला आणि पान वाचायला घेतलं. दिवे मालवतात ते वाक्य आलं तेव्हा त्यांचा आवाज थोडा घसरला, पण टाळ्या तिथंच सगळ्यात जोरात पडल्या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले आणि उशिराबाईनं पर्स उचलली.

"कुठे?" साहेबांनी विचारलं.

"कॉलेजला."

"आणि हे कागद?"

"सकाळी लवकर येऊन लावते. साहेब, काल भर वर्गात तुम्ही शब्द दिलात. आपल्या बोलण्यावर लोकांनी विश्वास ठेवला की मागून शब्द फिरवता येत नाही. मागच्या तारखेला समोरच्या पार्टीला तुम्ही ह्याच मुद्द्यावर आडवं केलंत. टाइप मीच केलं होतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि खोटी हजेरी? ती सांगू का तुझ्या प्राध्यापकांना?"

"सांगा की. पण ओळख तुम्हीच पटवलीत, साहेब. 'हीच' म्हणालात. भर वर्ग साक्षीला आहे."

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढले. "मग उद्यापासून कामावरही त्या पोरीलाच पाठव. पगार तिलाच देतो."

"पाठवते. ती नर्स आहे. तुम्ही पाचनंतर काही सांगायला लागलात की सुई टोचेल."

"जा," साहेब म्हणाले. ते हसले की खोकले, हे तिला नीट कळलं नाही.

पायऱ्यांवर नर्स नव्हती. दवाखान्यातली पाळी लांबली होती. उशिराबाई आपली पुडी घेऊन एकटीच बसली, आपणच दाणे सोलले, आपणच फुंकर घातली. आणि कधी नव्हे ते वेळेवर वर्गात गेली. हजेरी सुरू झाली. आता काय, ऐटीत म्हणायचं, हजर.

तिचा नंबर आला, आणि प्राध्यापकांनी मान वर केली. साऱ्या नंबरांत तेवढ्या एका नंबरासाठी.

"साहेबांची सहायक कुठंय?"

ती 'हजर' म्हणायला गेली आणि थांबली. आपण तोंड उघडलं, तर काल उभी राहिलेली कोण होती, हा प्रश्न येणारच.

प्राध्यापकांनी तिला पाहिलं. "तुम्ही पुन्हा? आज काय राहिलं साहेबांचं?"

"काही नाही, सर. काल ऐकायला गोड वाटलं, म्हणून आले."

"बसा, बसा. कायदा कानावर पडलेला बरा असतो." आणि त्यांनी तिच्या नंबरापुढे गैरहजेरीची खूण करायला पेन टेकवलं. वेळेवर आलेल्या पहिल्याच दिवशी खाडा, आणि तोही शेवटचा.

तेवढ्यात दारात नर्स. केस विस्कटलेले, एका चपलेचा बंद तुटलेला. तिनं पेन पाहिलं, उशिराबाईचं तोंड पाहिलं आणि चमचा घशात घातला. "हजर, सर."

"या, या. साहेबांनी उशीर केला वाटतं?"

"छे हो. साहेब पाचच्या ठोक्याला सोडतात. मीच रेंगाळले."

प्राध्यापक पुढे सरकले. नर्सचा नंबर आला तेव्हा त्यांची मान पुन्हा खाली होती. उशिराबाईनं पुस्तकाआड तोंड धरलं आणि दवाखान्यात दिवसभर ओरडून बसल्यासारखा जाडा आवाज काढला. "हजर."

वर्ग सुटल्यावर दोघी पायऱ्यांवर बसल्या. उरलेले दाणे उशिराबाईनं सोलले. आज तिची पाळी होती.

"आता वर्षभर मी तू आणि तू मी," नर्स म्हणाली. "आणि परीक्षेला गं? तिथं कोण कुठल्या नंबरावर बसणार?"

उशिराबाईनं सालं फुंकरीनं उडवली, एक दाणा तोंडात टाकला. तो खवट निघाला. तरी तिनं शांतपणे गिळला.

"ते तेव्हा बघू. तोवर नीट अभ्यास कर. माझे मार्क घालवू नकोस."