चौदावं नाव

"दुखतंय?" डेलियानं विचारलं.

"हे नाही. ते शेजारचं."

तिनं शेजारचं बोट धरलं, डबीतली बदकाची चरबी त्याच्यावर घेतली आणि अंगठ्यानं चोळायला लागली. मॅट हॅनिफिनच्या उजव्या हाताचं एकही बोट सरळ नव्हतं. सहा वर्षं तो मिलबर्गच्या बेसबॉल संघाचा कॅचर होता. फलंदाजाच्या मागे उभं राहून येईल तो चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. १८८८ सालच्या कॅचरच्या हाताला संरक्षण म्हणजे काय, तर बोटं कापलेला पातळ कातडी हातमोजा. तो असला काय आणि नसला काय, हाडांना फारसा फरक कळत नसे.

डेलियाला मध्येच खोकला आला. ती तोंड वळवून खोकली, रुमाल घडी घालून कमरेला खोचला आणि पुन्हा बोट हातात घेतलं. त्या खोकल्यावर डॉक्टर बोलून मोकळा झाला होता. या भट्ट्यांच्या धुरात बाईंचा अजून एक हिवाळा निघणार नाही, कोलोरॅडोची कोरडी हवा हवी, असं त्यानं मेमध्येच सांगितलं होतं.

आणि देवाची करणी अशी, की कोलोरॅडोहूनच पत्र आलं होतं. मॅटचा जुना सवंगडी ल्यूक आता डेन्व्हरच्या संघाचा कप्तान होता. त्यानं लिहिलं होतं, 'कॅचर हवा आहे, मैदानालगतच दोन खोल्या आहेत, उद्या ये. फक्त यादीतून नाव काढून घे.'

घोडं पेंड खात होतं ते त्या यादीपाशी. दर ऑक्टोबरात प्रत्येक संघाचा मालक चौदा नावं लिहून पाठवी. त्या चौदांतल्या कुणाला देशातल्या दुसऱ्या कुठल्याही संघानं पुढच्या वर्षी हात लावायचा नाही, असा मालकांचा आपसांतला करार होता. मालकानं खेळवलं तर खेळा, नाही तर बसून राहा. त्याला वाटेल तितकी वर्षं. मॅटचं नाव सलग सहा वर्षं त्या यादीत होतं. पहिल्या वर्षी तर त्यानं आनंदानं सगळ्यांना बिअर पाजली होती.

तो मालकाकडे जाऊन आला होता. वेल्बॉर्न साहेबांचा शेगड्यांचा कारखाना होता आणि संघही त्यांचाच.

"अरे, तू तर घरचा माणूस," वेल्बॉर्न म्हणाले होते. "घरचा माणूस कुणी सोडतं का?"

"बायकोची तब्येत, साहेब."

"मग तिला पाठव की. तिला कुणी अडवलंय?"

खेळ सोडून द्यावा, तर दुसरं येत काय होतं? खेळात पडण्यापूर्वी मॅट चिरूट वळायचा. त्या कामाला सुईसारखी बोटं लागतात. आता त्याला तंबाखूचं पान धरता येत नसे, फावडं धरलं तर घसरे. त्या बोटांना एकच गोष्ट येत होती. दगडाखाली हात सापडावा, तसं झालं होतं.

"आज शेवटचा सामना," डेलिया म्हणाली. "तो टोलेडोचा कॅचर पारखायला बोलावलाय ना साहेबांनी?"

"हो. दोघांतला एकच यादीत ठेवणार म्हणतात."

"मग सोड चार चेंडू."

मॅटनं हात मागे घेतला. "मुद्दाम?"

"कुणाला कळतंय? तीस वर्षांचा कॅचर म्हणजे म्हाताराच. म्हणतील, संपला बिचारा." तिनं डबीचं झाकण लावलं. "माझ्यासाठी सोड, मॅट. मी आजवर काही मागितलं नाही."

हे खरं होतं.

पहिला चेंडू त्यानं दुसऱ्या डावात सोडला. सरळ, सोपा चेंडू. तो मागच्या कुंपणावर जाऊन आपटला आणि प्रेक्षकांतून कुणी तरी ओरडलं, "आजोबा, काठी आणू का?" लोक हसले. मॅटच्या कानशिलांत रक्त चढलं. चौथ्या डावात दुसरा सोडला. सहाव्यात तिसरा, आणि त्यावर समोरच्यांची एक धावही झाली. चेंडू टाकणारा पिचर फ्रिट्झ ओबर्ली कमरेवर हात ठेवून जवळ आला.

"डोळे घरी विसरलास का रे?"

"ऊन येतंय."

"ऊन तुझ्या पाठीमागे आहे, मॅट."

फ्रिट्झच्या नजरेला नजर देणं मॅटला जमलं नाही. सहा वर्षं या माणसाचे चेंडू त्यानं झेलले होते. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरी मनात तो मोजत होता. तीन झाले. एक राहिला. डेलिया बायकांच्या बाकावर कडेला बसली होती, शाल गळ्याशी घट्ट धरून. वेल्बॉर्न साहेबांनी चिरूट तोंडातून काढून शेजारच्याला काही तरी सांगितलं आणि तो मान हलवू लागला.

नववा डाव. मिलबर्ग एका धावेनं पुढे. समोरच्यांचे दोन बाद, एक गडी तिसऱ्या बेसवर, म्हणजे धाव पुरी होण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर, टपून. फ्रिट्झनं चेंडू टाकला तो नेमका हातातून निसटला आणि फलंदाजाच्या पुढ्यात धुळीत आपटून वाकडा उसळला. असला चेंडू भल्याभल्यांना झेलता येत नाही. सोडला असता तर कुणी दोषही दिला नसता. मॅटला काही म्हणजे काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

तिसऱ्या बेसवरचा गडी सुटला. आणि मॅटचा उजवा हात खाली गेला होता. कधी गेला ते त्याला कळलं नाही. काडी मोडल्यासारखा आवाज झाला, चेंडू मात्र मुठीतच राहिला, आणि धुरळा उडवत घसरत आलेल्या गड्याच्या खांद्यावर मॅटनं तो टेकवलासुद्धा.

बाद. सामना संपला.

लोकांनी टोप्या उडवल्या. वेल्बॉर्न साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. फ्रिट्झनं त्याला मिठी मारली. फ्रिट्झच्या खांद्यावरून मॅटला बायकांचा बाक दिसला. डेलिया टाळ्या वाजवत नव्हती. ती खाली बघत शालीचं टोक नीट करत होती.

घरी जाताना डेलियानं त्याच्या हाताकडे पाहिलं.

"किती मोडली?" तिनं विचारलं.

"एक."

"कुठलं?"

"ते शेजारचं."

थोडं चालून झाल्यावर तो म्हणाला, "सोडणारच होतो गं. देवाशपथ."

"माहीत आहे."

"हात गेला."

"जित्याची खोड," ती म्हणाली. पण टोमणा मारल्यासारखं नाही. उलट तिनं त्याचा तोच हात मनगटापाशी जपून धरला, आणि मॅटला वाटलं, यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरात यादी छापून आली. मिलबर्गची नावं मॅटनं वरून खाली वाचली. टोलेडोचा कॅचर तेराव्या क्रमांकावर होता. चौदावं नाव हॅनिफिन. वेल्बॉर्ननी दोघांनाही ठेवून घेतलं होतं.

"पुढच्या वर्षी बहुतेक तोच खेळेल," साहेब समजावून म्हणाले. "पण एखादा जास्तीचा असलेला बरा. बोटांचं काय सांगता येतं? हिवाळ्यात आपल्या वखारीवर पहाऱ्याला राहा."

डेलियाची एक मावसबहीण कोलोरॅडोत होती. ती ठेवून घ्यायला तयार झाली. नोव्हेंबरात एका सकाळी मॅट तिला स्टेशनवर घेऊन गेला, ट्रंक वर चढवली आणि खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"चरबीची डबी फडताळात आहे," ती म्हणाली. "झाकण सैल लावलंय, तुला उघडेल असं. रोज लाव."

"लावीन. तू तिथं दूध पीत जा."

"आणि पत्र लिही."

"या बोटांनी?"

ती हसली. हसता हसता खोकली. गाडीला हिसका बसला, तिनं निरोपासाठी हात बाहेर काढला आणि दुसऱ्या हातातला लोकरीचा हातमोजा खिडकीतून सुटला.

मोजा जमिनीवर पडलाच नाही. मॅटचा हात पुढे गेला होता.

"वा, हॅनिफिन!" फलाटावरचा एक हमाल त्याला ओळखून म्हणाला.

मॅट गाडीबरोबर धावला. मोजा तिच्या बोटांपर्यंत पोचवायला हात वर केला, एकदा अगदी टेकलासुद्धा, पण त्याची आखडलेली बोटं मोज्यावरून उघडेनात. मग फलाट संपला. डेलियाचा उघडा हात खिडकीबाहेर बराच वेळ दिसत होता. ती त्याला, राहू दे, राहू दे, अशी खूण करत होती.