इंजिनातला गाळ

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलला गाडी एकच, आणि तिच्यावर दोन पोटं. नवऱ्याला पक्षाघात झाल्यापासून शिकवणारी मीच. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचे, उजवा हात मांडीवर, दुसऱ्याचं सामान सांभाळायला ठेवल्यासारखा. एके काळी हाच माणूस शिकाऊंवर असा ओरडायचा की शेजारून जाणारे सायकलवालेही ब्रेक दाबायचे. आता चहात साखर घालायची राहिली तरी मुकाट्याने प्यायचे. त्या मुकेपणाचा मला संताप यायचा.

एका सकाळी अचानक म्हणाले, "अगं, आपण ऑइल किलोमीटर बघून बदलत आलो."

"मग? सगळं जग तसंच बदलतं."

"सगळं जग दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मैदानाला फेऱ्या मारत नाही."

मी कपाळावर हात मारला. ही चूक आमच्या धंद्यातल्यांनाच जमावी. गाडी दिवसभर सुरू. पण शिकाऊ ती चार हात पुढे नेतो, बंद पाडतो, पुन्हा सुरू करतो. मीटर जागचा हलत नाही. "बघा, जुनी असून किती कमी चाललीय!" असं आम्हीच मिरवायचो. आत मात्र ऑइल जळून त्याचा गाळ होत होता.

मग त्यांनी डाव्या हाताने मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि फर्मान काढलं: फ्लश. म्हणजे गाळ सुटवणारं औषध जुन्या ऑइलमध्ये ओतायचं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, गाळासकट सगळं काढून नवं ऑइल भरायचं.

मिस्त्रीने मान हलवली. "ताई, वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीला फ्लश लागत नाही. आणि जिला लागतो तिला तो सोसेलच असं नाही. सुटलेला गाळ जाऊन खालच्या जाळीत अडकला, तर ऑइल वर चढायचंच बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यापेक्षा नुसतं ऑइल लवकर लवकर बदलत राहू."

"म्हणजे नकोच?"

"तसंही छातीवर हात ठेवून नाही सांगता येत. कित्येक गाड्यांना काही होत नाही."

घरी सांगितलं तर हे उसळले. "म्हणजे घाण तशीच ठेवायची पोटात? करून घे! माझं एवढं ऐक."

मिस्त्रीचं म्हणणं मला पटलं होतं. पण हा आवाज मैदानावरचा होता, आजारापूर्वीचा. त्या आवाजासाठी मी इंजिनात विषसुद्धा ओतलं असतं.

त्यांना गॅरेजमध्ये घेऊन गेले. डांबरासारखं काळं ऑइल तसराळ्यात पडायला लागलं, तसे ते खुर्चीवरून वाकून बघत हसले. "बघ, बघ काय निघतंय!" मीही हसले. खरंच बरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात एक शिंपीणबाई शिकायला बसल्या होत्या. मी मागून येणाऱ्या ट्रककडे बघत होते. "बाई, हा लाल दिवा कसला हो?" त्यांनी विचारलं. ऑइल वर चढत नसल्याचा दिवा होता तो. मी किल्लीकडे हात नेईपर्यंत इंजिन खडखडलं आणि जागच्या जागी थांबलं. पुन्हा सुरू झालंच नाही.

मिस्त्रीने खालचं चेंबर उतरवलं. जाळी काळ्या लगद्याने गच्च भरली होती. तो माझ्याकडे न बघता हात पुसत राहिला. "इंजिन गेलं, ताई." नवं घालण्याची आमची ऐपत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी सांगितलं, "ऑइलचा पंप गेला. जुनाच होता."

ते विचारात पडले. मग म्हणाले, "फ्लश केलं म्हणून इतके दिवस तरी निघाले."

"हो ना," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. शिकाऊंना काय सांगायचं, उद्यापासून काय करायचं, काही सुचत नव्हतं.

नळ बंद केला तेव्हा बाहेरून त्यांचा आवाज आला. फोनवर होते, आणि चांगले रंगात. पलीकडे त्यांचे जुने मित्र, नदीपल्याड स्कूल चालवणारे भाऊजी. त्यांचीही गाडी एकच, तीही आमच्याइतकीच जुनी.

"अरे, मीटरवर जाऊ नकोस, तिथंच आपण फसतो. उद्याच्या उद्या फ्लश करून घे. मी सांगतो ना! शिकवायला मी अजून आहे की!"

मी दारात उभी राहिले. एक मन म्हणालं, जाऊ दे, त्यांची गाडी ते बघतील. ह्यांना बोलू दे. दुसरीकडे भाऊजींच्या घरातली खाणारी तोंडं डोळ्यांसमोर आली. मी पुढे जाऊन त्यांच्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी, फ्लश करू नका. आमची त्यानंच गेली."

फोन ठेवला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर सोसलं असतं.

"मग माझं ऐकलंस कशाला?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडे उत्तर होतं. पण ते बोलून दाखवलं असतं तर माझ्या लेखी त्यांचं ऐकणं म्हणजे आता नुसतं आजाऱ्याचं मन राखणं होतं, हेही त्यांना कळलं असतं. मी फक्त त्यांचा घसरलेला उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, आणि त्यांना तरीही कळलं.

आता तहान लागली तरी ते सांगत नाहीत. मला ओठांकडे बघून ओळखावं लागतं.