लासूरचा लाल सिग्नल

गयास एकोणसत्तर वर्षांचा झाला त्या साली त्याच्या मुलीनं, अनवरीनं, उटीच्या सहलीत दोन जागा घेतल्या. औरंगाबादच्या एका सहल कंपनीची पाच दिवसांची सहल होती. राहणं-जेवण त्यांचं, सोबत त्यांचा माणूस, आणि मेट्टुपालयमहून डोंगर चढणारी कोळशाच्या इंजिनाची गाडी. अनवरी शाळेत शिकवायची. अब्बांनी पुन्हा एकदा इंजिन डोळ्यांनी बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी गयास रेल्वेत लागला आणि पुढं फायरमन झाला. चौसष्ट साली लासूर स्टेशनजवळ त्यांच्या गाडीनं लाल सिग्नल ओलांडला. रुळावर काम करणारा कडूबा गाडीखाली गेला. ड्रायव्हर कारभारी बसल्या जागी झोपला होता. गयासनं कोळसा मारता मारता वर पाहिलं, ओरडला, स्वतःच ब्रेक ओढला, पण उशीर झाला होता. चौकशीत कारभारीनं सांगितलं की फायरमन झोपला होता. ड्रायव्हरचा शब्द मोठा ठरला आणि गयासची नोकरी गेली. पुढं तीस वर्षं तो पडेगावला सायकली दुरुस्त करत राहिला. घरात त्या ड्रायव्हरचं नाव कधी निघालं नाही.

मनमाडला गाडीत बसताना कंपनीच्या बन्सीनं सगळ्यांना एका पाहुण्याची ओळख करून दिली. जुने ड्रायव्हर, वाटेत इंजिनाच्या गमती सांगतील. तो कारभारी होता. दात पडले होते, तरी आवाज तोच. त्यानं गयासला ओळखलं नाही. गयासनं मात्र त्याला ओळखलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

डोंगरातल्या एका स्टेशनावर इंजिन पाणी घ्यायला थांबलं. माणसं खाली उतरून कारभारीभोवती जमली. त्यानं लासूरची गोष्ट काढली. फायरमन कसा डुलक्या घेत होता, आपण ब्रेक मारला म्हणून मागच्या डब्यांतली माणसं कशी वाचली, ते त्यानं हातवारे करून सांगितलं. बायका हळहळल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

गयास पुढं झाला.

"कारभारीभाऊ, तो फायरमन मी."

कारभारीचा हात हवेतच राहिला.

गयासनं इंजिनाकडं बोट केलं. तिथला फायरमन घामानं निथळत फावडं चालवत होता. "त्याच्याकडं बघा. असं काम करणारा माणूस झोपंल का?"

बन्सीला काय चाललंय ते कळलं नसावं. जुने सोबती भेटले म्हणून त्यानं दोघांना इंजिनासमोर उभं केलं आणि कॅमेरा काढला. कारभारीनं गयासच्या खांद्यावर हात टाकला आणि पुटपुटला, "माफ कर बाबा. पोरंबाळं होती मला."

"मलाबी होती," गयास म्हणाला. "कानात नगं. या लोकांपुढं बोला."

कारभारीनं लोकांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. फोटो निघाला. शिट्टी झाली तसा तो सगळ्यांच्या आधी डब्यात चढला.

कुन्नूरला गयास उतरला तो उतरलाच. अनवरीनं बन्सीला काहीतरी सांगून सामान घेतलं. बाप-लेक बसनं डोंगर उतरले आणि साध्या गाडीनं परत निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीत अनवरी बापाशेजारी सरकून बसली. मग तिनं हळूच बापाचा हात धरला.

"अब्बा, मामू म्हणायचे तुम्हीच झोपला होतात. अम्मीलाही तसंच वाटायचं. मलाही. पण मी तुम्हाला केव्हाच माफ केलं होतं. कधी बोलून दाखवलं नाही, एवढंच."

गयास तिच्याकडं बघत राहिला. बायकोला, जमिलाला, त्यानं खरं काय ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती मरेपर्यंत 'व्हय, व्हय' म्हणत आली होती.

त्यानं हात सोडवून घेतला आणि खिडकीकडं सरकला. कारभारीचं त्याला एवढं लागलं नव्हतं. अनवरीनं दोनदा चहा विचारला. मनमाड येईपर्यंत तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.