दाबलेली सासू

करमाडात मोतीरामभाऊंच्या ओट्याखाली चपलांचा एवढा ढीग पडला होता, की कुणालाही वाटावं, या घरात पुन्हा लग्न निघालं. लग्न होऊन महिनाच झाला होता. गर्दी जमली होती ती त्याच लग्नाचा, गावच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ बघायला.

हळदीचं दृश्य आलं, की शेजारच्या वच्छलाबाई पदर तोंडाशी नेत. नवरीमागच्या अंधाऱ्या भिंतीवर चेहरा होता म्हाळसाबाईंचा, मोतीरामभाऊंच्या वारलेल्या बायकोचा. नवरीनं मान वळवली, की तो चेहरा ताणला जाई, ओघळे, आणि त्याचा एक डोळा सरकून नवरीच्या गालावर बसे.

"सासू हाय. सुनेला दाबून बसलीय," फकिराबुवांनी निकाल दिला. बुवांच्या अंगात देव येण्याआधी चहा जात असे. दुसरा कप नुकताच गेला होता. "लेकाच्या लग्नात मानपान राहिला तिचा. परवा अमावास्या. मिरचीची धुरी अन् वेताची काठी. पोरगी वरडंल, पण ती पोरगी नसंल, सासू असंल. हात थांबवायचा नाय."

मार खाणारीच्या ओरडण्याचीही बुवांनी अशी आधीच सोय लावून ठेवली. मोतीरामभाऊंनी मान डोलावली.

दारामागं नवरी, ज्ञानेश्वरी, सगळं ऐकत होती. वाईट हे, की तिलाही थोडंथोडं पटू लागलं होतं. छाती जड वाटायची. आरशात ती आता स्वतःच्या आधी स्वतःच्या मागं बघायची.

"अहो, व्हिडिओवाल्यानं दिलेला पेन ड्राइव्ह लावा ना," माणसं पांगल्यावर ती नवऱ्याला म्हणाली. "नक्की कुठं दिसतात त्या, मला एकदा बघू द्या."

अजिनाथ शेंद्र्याच्या कंपनीत मोठमोठी यंत्रं चालवायचा, पण हा पेन ड्राइव्ह त्यानं विंचू धरावा तसा धरला. सुरुवातीला आईचा हार घातलेला फोटो आला, आशीर्वादासाठी टाकलेला. तो हळूहळू विरत गेला आणि त्यातूनच हळद उमटली. भिंत कोरी होती.

"इथं नाहीत त्या. मग ग्रुपवर कशा आल्या?"

"ग्रुपवर जाईना, लई मोठा व्हता. म्हणून दाबला म्या."

"काय केला?"

"दाबला. ॲपात साइजची पट्टी असती, ती पार टोकाला नेली."

ज्ञानेश्वरीनं व्हिडिओ मागं नेला आणि फोटो विरून हळद उमटते तेवढी जागा पुन्हा बघितली.

दुसऱ्या दिवशी तिनं बुवांचा फोटो मागून घेतला. बुवांनी केस विंचरून काढू दिला. गोठ्यातल्या म्हशीचा व्हिडिओ घेऊन तिनं त्याच्या सुरुवातीला बुवांना जोडलं आणि पट्टी टोकाला नेली. काहीच उमटलं नाही, तर धुरी खरी होती.

संध्याकाळी ओटा पुन्हा भरला. पडद्यावर म्हशीच्या काळ्या कुशीवर बुवा होते. म्हैस रवंथ करी, तसा बुवांचा जबडा खाली ओघळे.

"बुवा म्हशीला दाबून बसले की," वच्छलाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

"जित्या माणसाचं भूत व्हतं व्हय?" बुवा उखडले. "मोबाइलचा खेळ हाय ह्यो."

"मग माझ्या गालावर काय होतं, बुवा?" ज्ञानेश्वरी म्हणाली आणि सासऱ्यांकडं वळली. "मामा, मोबाइल दर वेळी पुरतं चित्र साठवत नाही. मधूनच एखादं पुरतं ठेवतो, पुढं नुसतं काय बदललं तेवढंच. फार दाबलं की तेही गाळतो. अंधारात बदल कमी, म्हणून आधीचा फोटो भिंतीवर तसाच राहिला. मी हलले, तर त्याचा तुकडा माझ्याबरोबर ओढला गेला."

अजिनाथनं पुढं होऊन नवी फाइल लावली. या खेपेला त्यानं चित्राची लांबी-रुंदी कमी केली होती, पट्टी मध्यावर ठेवली होती आणि दर दोन सेकंदांनी पुरतं चित्र ठेवायला सांगितलं होतं. फाइल ग्रुपवर गेली. भिंत कोरी होती.

मोतीरामभाऊंनी पडद्यावरच्या त्या कोऱ्या भिंतीवरून बोट फिरवलं. "मला वाटलं, खरंच आली व्हती," ते हळूच म्हणाले. मग कोपऱ्यातली वेताची काठी त्यांनी गुडघ्यावर मोडली. बुवा तोवर चपला शोधत होते.

भीती कुणालाही वाटते, ज्ञानेश्वरीलाही वाटली. तिच्यासारखं करावं: माणसावर हात उचलण्याआधी मूळ फाइल उघडून बघावी.