ढेप्याचा पट्टा

ढेप्या हा माझ्या दादाचा कुत्रा. चपट्या नाकाचा आणि नावाला जागणारा. नोकरी सुटल्यापासून मी दादाकडेच राहते. त्यामुळे घरातल्या एका बसून खाणाऱ्याला पळवायचं काम दुसरीच्या गळ्यात पडलं. तेही भर दुपारी, कारण उन्हात घाम येतो आणि चरबी वितळते, असं दादाचं शास्त्र.

"अरे, कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकूनच निवतो. आणि याचं नाक बघ केवढंसं!"

"तुला कंटाळा येतो असं सांग ना सरळ," दादा म्हणाला.

ढेप्याच्या पट्ट्यात एक यंत्र आहे. तो किती पळाला ते दादाला ऑफिसात फोनवर दिसतं. जरा थांबलं की लगेच फोन. नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

सोमवारी ढेप्या पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे बसला तो उठेचना. जीभ लोंबलेली, हिरड्या लालभडक. मी पार घाबरले. पंक्चरवाल्याने त्याला आत ओढलं, पोटावर आणि पंजांवर पाणी ओतलं, पंखा त्याच्याकडे वळवला. धाप जरा कमी होते तोच दादाचा फोन. माझं डोकंच फिरलं. पट्टा सोडवला, मुठीत धरला आणि मीच पळत सुटले.

मग रोज तेच. ढेप्या पंख्याखाली घोरायचा आणि मी उन्हात रस्ते तुडवायचे.

शनिवारी दादा हरखून घरी आला. "काय पळालाय पठ्ठ्या आठवडाभर! उद्या दुपारी मीच नेतो. सायकलला बांधून, टेकडीपर्यंत."

"दादा, तो पळालाच नाही. पट्टा घेऊन मी पळत होते."

दादा खो खो हसला. "तू? जिना चढताना भिंत धरतेस तू!"

मी पायाचे फोड दाखवले.

"बूट चावले असतील." त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "यंत्र कशाला खोटं बोलेल?"

"मग पंक्चरवाल्याला विचार."

"विचारू की सोमवारी. उद्या दुकान बंद असतं त्याचं."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दादाने सायकल काढली आणि वाकून पट्टा घट्ट आवळला. ढेप्याने शहाण्यासारखी मान पुढे केली. मग मी पट्टा कधी काढते याची वाट बघत तो माझ्याकडे पाहत राहिला.