स्टुलावरून दिसणारं घर

हे गेल्यानंतर मुलगा दर रविवारी फोनवर एकच विचारायचा, "आई, दिवसभर घरात बसून करतेस काय?" त्याला काहीतरी उत्तर देता यावं, एवढ्यासाठीच मी विद्यापीठात समाजशास्त्राला नाव घातलं. वर्गात सगळी माझ्या मुलाहून लहान. पहिल्या दिवशी मलाच मॅडम समजून सगळी उठून उभी राहिली, आणि घोटाळा कळल्यावर सर्वांत जोरात हसली ती चिमणी नावाची मुलगी. पुढे ती कायमची माझ्या शेजारी बसू लागली. हे गेल्याचं मी तिलाच काय, वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं. मला कीव नको होती. यांचा फोटोसुद्धा मी भिंतीवर लावू दिला नव्हता.

दुसऱ्या सत्रात जोड्या पाडून एकमेकांच्या घराचं निरीक्षण करायचं होतं. मॅडमचा नियम साधा होता. "प्रश्न विचारायचे नाहीत, मदत करायची नाही, एका जागी बसायचं. घर तुम्हाला विसरलं, की मग दिसायला लागतं." चिमणीच्या घरी मला कुणी विसरेचना, तिची आई सारखी माझ्या पाठीशी उशी सरकवत होती. माझ्याकडे ती दुपारची यायची आणि फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसायची. एकट्या बाईच्या घरात हिला काय मिळणार, असं मला वाटायचं. पण हळूहळू मी तिला खरोखरच विसरले.

वर्गात तिने उभं राहून सांगितलं, "घरात दोन माणसं. काका खिडकीपाशी बसतात. फरशी गार लागते म्हणून डावा पाय उजव्या पायावर ठेवतात. काकू ओट्यापाशी काम करतात आणि ते बघत राहतात. काकू मात्र बघितलं तरी त्यांच्या आरपार बघतात."

"बिचारे काका!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. "छान टिपलंस," मॅडम म्हणाल्या.

मी घाबरायला हवं होतं. पण पायावर पाय ठेवायची ती खोड माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती माझ्या हातातून कुणी काढून घेतल्यासारखं झालं. इतके महिने मी खिडकीपाशी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, निदान एकदा खोकल्याचा आवाज यावा म्हणून कान देऊन बसले होते. मला नाही, आणि हिला!

बाहेर जिन्यात मी विचारलं, "अंगात काय असतं त्यांच्या?"

"राखाडी स्वेटर, कोपरावर विरलेला. तुम्हीच विणलाय ना?" ती थबकली. "काकू, तुमचं भांडण आहे का?"

"तुझ्याशी बोलतात?"

"मी निरीक्षक, माझ्याशी कसे बोलतील? परवा फक्त माझ्याकडे बघून हसले. म्हणजे घर मला पुरतं विसरलेलं नाही. गेले माझे मार्क!"

हसले. शेवटच्या आजारात ते माझ्याकडे बघून हसायचे थांबले होते.

काम संपलं तरी ती येत राहिली. हल्ली येताना केस नीट विंचरून येते, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. एका दुपारी मी म्हटलं, "आज अदलाबदल. चहा तू टाक, मी स्टुलावर बसते."

"म्हणजे मी काकू?" तिला गंमत वाटली. टेबलावरचा माझा वाचायचा चष्मा तिने नाकावर चढवला. "मग मी ओरडेन हं!"

"ओरड."

मी हात मांडीवर घेऊन बसले. काही विचारलं नाही, मदत केली नाही. आधण उकळलं, ऊन टेबलावरून फरशीवर उतरलं, आणि खिडकीपाशी आधी राखाडी लोकर दिसली, मग कोपर, मग उजव्या पायावर टेकलेला डावा पाय. ते ओट्याकडे बघत होते. माझ्या पाठीमागे इतकी वर्षं इतक्या मायेने कुणी बघत होतं, हे मला कधी कळलंच नव्हतं. आणि आता ती नजर तिच्या पाठीवर होती.

"अहो," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली नाही. वळली ती चिमणी, हातात कप घेऊन.

"काकू, चहा." तिने स्टुलाकडे सरळ पाहिलं, मग दाराकडे. "गेल्या कुठे या?" असं पुटपुटत ती खिडकीपाशी गेली, त्यांच्या समोरच्या माझ्या खुर्चीत बसली, आणि त्यांच्या आरपार बाहेर बघत माझा चहा पिऊ लागली.