तीस दिवसांची विश्रांती

चौकशीला मी वेळेआधी पोहोचले. कंपनीचं ऑफिस पनवेलच्या एसटी स्टँडसमोर, दुसऱ्या मजल्यावर. उजवा हात प्लास्टरमध्ये आणि डोकं रिकामं. पाच दिवस झाले होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. घरचे म्हणत होते, धक्का बसलाय. असेल.

झालं ते एवढंच. मी ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटजवळ बसते, जगनदादा गाडी चालवतो. आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात, ऐकायला झकास. सतरा तारखेला, ड्युटीच्या अकराव्या तासाला, पेशंट सोडून परत येताना कळंबोलीपाशी त्याला डुलकी लागली आणि आमची रिकामी गाडी न्हावा शेवा बंदराच्या एका उभ्या कंटेनरवर आदळली. माझा हात मोडला. त्याला साधं खरचटलंही नाही, आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. आता प्रश्न एकच होता, त्याची बावीस वर्षांची नोकरी राहते की जाते.

कंपनीचं म्हणणं सोपं होतं. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम, ती आम्ही दिली, एक ते दीड. रजिस्टरला जगनची सही आहे. एवढं करून गाडीवर झोपतो, म्हणजे माणूसच बेजबाबदार.

सही होतीच. पायलटने आराम केला हे स्वतः बघून खाली मी सही करायची, म्हणून माझीही होती. त्या दिवशी एक वाजून बारा मिनिटांनी मी बेलपाड्याच्या एका बाईचं बाळंतपण गाडीत करत होते. तरी सही होती, कारण आमच्याकडे विश्रांतीच्या सह्या एक तारखेला होतात. सुपरवायझर हरेश सर रजिस्टर आणतात, "उरकून टाका" म्हणतात, आणि दिवसाला एक अशी तीस पानं आम्ही उरकतो. रोज कोण बसतंय सह्या करत? वर मी थट्टाही करायचे, चला, महिन्याची झोप एकदम झाली. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

जगनदादा आधी आत जाऊन आला होता. बाहेर आला तो मान खाली घालून.

"काय सांगितलंस?"

"आराम भेटला व्हता म्हनून सांगितला. तू पन तेच सांग, बाय."

"का पण?"

"सही खोटी म्हनलीस तं तुझी नोकरी जाईल. माझा पोरगा कमावता हाय. मी एकटाच जातो, दोगांनी कशाला?"

माझ्या घरी दोन मुली आणि कमावणारी मी एकटी, हे त्याला ठाऊक होतं. मला भरून यायला हवं होतं. नाही आलं. मी आत गेले.

चौकशीचे साहेब तसे सभ्य होते. बाजूला हरेश सर बसले होते. साहेबांनी सतरा तारखेचं पान माझ्यापुढे सरकवलं.

"सही तुमचीच?"

"हो. पण विश्रांती झाली नाही. त्या वेळी गाडीत बाळंतपण चालू होतं."

"जगन तर झाली म्हणतो," हरेश सर म्हणाले. "शशिकलाताई, नीट आठवा."

मी डाव्या हाताने पुढची पानं उलटली. "साहेब, अठरापासून मी घरी आहे. जगनदादाही घरी आहे. तरी बघा, रोज एक ते दीड त्याने आराम केलाय आणि मी तो बघितलाय. आज बावीस, आजही केलाय. उद्याचाही झालाय. तीसपर्यंतचा सगळा झालाय."

साहेबांनी एकेक पान पाहिलं, मग हरेश सरांकडे पाहिलं. हरेश सर पंख्याकडे बघत होते.

"बाकीच्या गाड्यांचंही असंच?"

"सगळ्यांचंच," मी म्हणाले.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "हे लिहून दिलंत तर जगनवरचा ठपका टिकणार नाही. पण तपासल्याची सही तुमची आहे. तुम्हाला मी वाचवू शकणार नाही."

दिलं लिहून, डाव्या हाताने, वाकडंतिकडं.

जगनदादा जिन्यात उभा होता. मी म्हणाले, "तुझी नोकरी राहील. माझी गेली."

तो तिथेच पायरीवर बसला. "कशाला बोललीस? येवढा सांगितला तुला!" म्हणाला आणि गडी लहान मुलासारखा रडायला लागला. येणारेजाणारे बघत होते. मलाही आता रडू येईल म्हणून मी भिंतीला टेकून वाट बघितली. नाही आलं.

"जेवलास का, दादा?" मी विचारलं.

"नाय," तो म्हणाला. सव्वातीन वाजले होते. रजिस्टरात त्याचा आजचा आराम दीडलाच संपला होता.